भोग, त्याग आणि वर केलेली काच



आजच्या चिंतनाला ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र घेतलाय. शुक्ल यजुर्वेदाच्या शेवटच्या, म्हणजे ४० व्या अध्यायात हे उपनिषद येतं. सगळे मिळून जेमतेम १८ मंत्र. ऑफिसला जाताना बसमध्ये वाचून होतं आणि मग आयुष्यभर पुरतं. गांधीजी म्हणत की सगळे धर्मग्रंथ नाहीसे झाले आणि हा एकच मंत्र लोकांच्या स्मरणात उरला, तरी हिंदू धर्म टिकेल. विनोबांनी यावर मराठीत ‘ईशावास्य-वृत्ति’ लिहिली.

या मंत्रात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. या हलत्या-चालत्या जगात जे जे आहे ते सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे. म्हणून त्यागाने भोग घे. आणि कोणाच्याही धनाची हाव धरू नकोस.

आता आमच्या इंजिनिअरच्या डोक्याला यातली मधली गोष्ट पचत नाही. भोग घे की त्याग कर, एक काहीतरी सांगा ना! दोन उलट सूचना एकाच ओळीत आल्या तर आम्ही त्याला सरळ बग म्हणतो. पण गेले काही महिने हा मंत्र माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही, कारण खाली पार्किंगमध्ये एक नवी गाडी उभी आहे. दसऱ्याला घेतलेली, लेक्सस ईएस ३००एच, हायब्रिड. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर झालं. पहिल्या हप्त्याचा मेसेजही रीतसर आला.

किंमत सांगत नाही, पण करावरून अंदाज घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा मोठ्या गाड्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेल्या. त्याच टप्प्यात बाटलीतली फसफसणारी शीतपेयंही आहेत. पूर्ण बॅटरीवरच्या गाड्यांना ५ टक्के, पण माझ्यासारख्या हायब्रिडला ४०. म्हणजे ही चैन आहे, हा निकाल शास्त्राच्या आधी सरकारनेच देऊन टाकलाय.

मग प्रश्न असा, की रोज हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाने अशी गाडी ठेवावी का? आणि ठेवली तर ‘त्यागाने भोग’ म्हणजे नक्की काय करायचं?

आधी गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण तिची रचनाच मला या मंत्राची आठवण करून देते. तिच्यात अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. बाहेरून चार्जिंगची वायर लावायची नाही. सिग्नलवरून निघताना बहुतेक वेळा नुसती मोटर चालते, वेग वाढला की इंजिन हळूच जोडीला येतं. आणि ब्रेकवर पाय ठेवला की मोटर उलटं काम करते. तीच जनरेटर होते आणि गाडीच्या वेगातून वीज बनवून बॅटरीत भरते.

माझे बाबा एसटीच्या दापोडी कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांना हे समजावून सांगत होतो. ते म्हणाले, घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकाजवळ हात नेला की भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं वाटायचं, ब्रेक लायनरचा वास यायचा. “एवढी ताकद नुसती तापून जायची रे.” मग मी त्यांना हिशोब करून दाखवला. माणसांसकट १८०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर जी ऊर्जा जाते तिच्यात एक लिटर पाणी ६० अंशांनी तापतं. म्हणजे चहाचं आधण. साधी गाडी प्रत्येक सिग्नलला हे आधण हवेत ओतून देते. हायब्रिड त्यातलं बरंचसं परत घेते. बाबा म्हणाले, “म्हणजे थांबताना जे सोडलं ते चालताना कामाला येतं.”

त्यागाने भोग! मला वाटलं, झालं, उत्तर सापडलं. पण हे उत्तर फार सोपं आहे, आणि अशा सोप्या उत्तरांबद्दल आपण सावध असायला हवं. हायब्रिड काही ऊर्जा निर्माण करत नाही. बॅटरीत साठलेला प्रत्येक थेंब मुळात पेट्रोलचाच असतो, फक्त वाया कमी जातो. वाया कमी घालवणं म्हणजे काटकसर. ती चांगलीच, पण तिला त्याग म्हणता येत नाही.

शिवाय काटकसरीचाही एक उलटा खेळ आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर पुस्तक लिहिलं. वाफेची इंजिनं सुधारली, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागू लागला, तरी देशाचा एकूण कोळसा वाढतच गेला, असं त्याने दाखवलं. स्वस्त पडतं म्हटल्यावर वापर वाढतो. मनाचंही तसंच आहे. “एवढं चांगलं ॲव्हरेज देते, चल लोणावळ्याला जाऊन येऊ.” पर्यावरणाची काळजी घेणारी गाडी म्हणून मिरवताना अहंकारालाही चांगलं ॲव्हरेज मिळतं. थोड्या इंधनात तो लांब जातो.

दुसरं सोपं उत्तर आपल्या सत्संगात नेहमी ऐकू येतं. वस्तू असू दे, मनात आसक्ती नको. जनक राजा राजवाड्यात राहून विदेही होताच ना! हे खरं आहे. पण जनकाचं नाव घेणं आणि जनक होणं यात फरक आहे. “मी गाडीत आहे, गाडी माझ्यात नाही” असं मी कधीही म्हणू शकतो, आणि कोणी तपासू शकत नाही. जो त्याग फक्त माझ्या मनात होतो आणि ज्याने दुसऱ्या कोणाचंही ओझं तसूभर हलकं होत नाही, त्याला त्याग म्हणायचं की नुसता मूड?

इथे मला तुकोबाराय आठवतात. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची खतं काढली. परंपरा सांगते की धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या हिश्श्याची खतं इंद्रायणीत बुडवली. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून ऐकतो. पण नीट बघा, त्या कागदांवर काय होतं? लोकांकडून येणं होतं. खतं बुडाली तेव्हा तुकोबा मोकळे झालेच, पण गावातली किती घरंही मोकळी झाली असतील. आणि भावाच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या जिवावर त्याग केला नाही. म्हणजे त्यांचा त्याग नुसता मनात झाला नव्हता, तो दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचला होता.

आता मंत्राकडे परत येऊ. त्याची सुरुवात त्यागापासून होत नाही हे लक्षात घ्या. सुरुवात होते ‘सगळं त्याने व्यापलंय’ इथून. त्याग नंतर येतो. म्हणजे त्याग कशाचा, हे पहिल्या वाक्यावरून ठरायला हवं. जे जे मला त्या ‘सगळ्या’पासून तोडतं, त्याचा त्याग.

आणि आलिशान गाडी नेमकं काय विकते? वेग? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कसला वेग! ती विकते शांतता. दार लावलं की हॉर्न, भोंगे, भाजीवाल्याची आरोळी, सगळं एकदम लांब जातं. पहिल्या आठवड्यात मला हे अतिशय आवडलं, खोटं कशाला सांगू. हरिपाठ लावला की देवघरात बसल्यासारखं वाटतं. पण मग एक गोष्ट खटकू लागली. सिग्नलला काचेवर टकटक करणारी म्हातारी आता फक्त दिसते, ऐकू येत नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं दिसतात, तशी.

हायब्रिड गाड्यांबाबत एक नियम मला म्हणूनच फार बोलका वाटतो. हळू चालताना त्यांचा आवाजच येत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन माणसाला, त्या कळत नाहीत. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणं सक्तीचं झालं. म्हणजे कायद्याने गाडीला सांगितलं, तुझी शांतता तुझ्यापुरती छान असेल, पण बाहेर चालणाऱ्याला ती धोक्याची आहे. बाहेरच्या माणसासाठी गाडीने आवाज करायचा हे ठरलं. पण बाहेरच्याचा आवाज आत यावा यासाठी कुठलाच नियम नाही. तो आपला आपणच करायचा.

शास्त्रं आसक्तीबद्दल पुष्कळ बोलतात. आपल्या पिढीच्या चैनीत मला आसक्तीइतकाच दुसरा धोका दिसतो, तो म्हणजे तुटलेपण. गाडीवर माझं फार प्रेम नसेलही, पण तिच्यात बसून बाहेरचा माणूस मला ऐकू येईनासा झाला तर ‘ईशावास्य’ कुठे राहिलं? ईश्वर सगळीकडे आहे म्हणायचं आणि काच वर करायची. वारीत बघा, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. पाया पडायला वाकावं लागतं, आणि वाकायला आधी समोरच्याच्या इतकं जवळ जावं लागतं.

हे सगळं कागदावर ठीक. एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी स्टॉपवर उभ्या दिसल्या. गाडी थांबवली, बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, “नको दादा, सीट ओली हुईल.” खूप आग्रह केल्यावर बसल्या, पण पाठ न टेकता. छत्रीचं पाणी पदरात धरून. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बाबा तरी काय वेगळं करतात, चपला हातात घेऊन आत बसतात. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीखाली आडवं पडून ऑइल अंगावर घेतलं, तो माणूस माझ्या गाडीत देवळात शिरल्यासारखा शिरतो. माझ्या गाडीने जवळच्या दोन माणसांना आखडून बसायला लावलं होतं.

मावशींना उतरवताना मी म्हटलं, पाऊस असेल तेव्हा फोन करत जा. त्या हसल्या. “तुमी कवा मोकळे असनार? बस टायमात आली तरी लई झालं.” किती सरळ बोलल्या! त्यांना माझी उदारता नको होती, बस हवी होती. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं जातात. तेवढ्याच जागेत माझ्यासारख्या दोन-तीन गाड्या मावतात आणि बहुतेकांत एकेक माणूस. मंत्रातलं तिसरं वाक्य, दुसऱ्याच्या धनाची हाव नको, मला त्या दिवशी रस्त्यात दिसलं. रस्ता सगळ्यांचा. त्यातला मी घेतो तो हिस्सा कोणाच्या तरी वाट्यातला असतो.

त्या रात्री आम्ही दोघं बोलत बसलो. तुकोबांच्या खतांची गोष्ट निघाली. बायको म्हणाली, “खतं आपल्याकडे पण आहेत की.” मावशींनी मुलीच्या फीसाठी १२,००० रुपये उचल घेतली होती, ती दर महिन्याला पगारातून कापली जात होती. वहीतलं ते पान फाडलं. हे पुण्य म्हणून सांगत नाही. कुठे १२,००० आणि कुठे ती गाडी, हा हिशोब जुळत नाही हे मलाही कळतं. पण त्यागाची दिशा कोणती, एवढं त्या पानाने दाखवलं.

आता घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. गाडीत कोणी चपला काढायच्या नाहीत. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो, पण एरवी अवजार हे वापरायला असतं. आमच्या गल्लीत शिरलं की काच खाली. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बसनेच, म्हणजे बस वेळेवर येत नाही हे माझंही दुखणं होईल आणि तक्रार करणाऱ्यांत माझाही आवाज असेल. आणि जुन्या गाडीच्या तुलनेत पेट्रोलचे जे पैसे वाचतात ते जास्त फिरण्यात घालायचे नाहीत. मावशींच्या पगारात तेवढी वाढ केलीय. जेव्हन्सला एवढंच उत्तर मला सुचलं.

गाडी ठेवावी का, या मूळ प्रश्नाचं उत्तर यातून मिळालं का? पूर्ण नाही. उद्या असंही वाटेल की विकून टाकावी. तेही खरं असू शकेल. पण ‘त्यागाने भोग’ हा बग नाही, हे मला आता कळू लागलंय. ती एक अट आहे आणि ती रोज तपासायची असते. हप्ता महिन्यातून एकदाच जातो, ही तपासणी मात्र दार लावताना दर वेळी.

आजचा प्रश्न तुमच्यासाठी. तुमच्याकडची सगळ्यात महागडी वस्तू डोळ्यांसमोर आणा. फोन असेल, फ्लॅट असेल, हेडफोन असतील. ती वापरताना कोणाचा आवाज ऐकू येईनासा होतो? झोपण्याआधी त्या माणसाचं नाव एकदा घ्या, आणि उद्या सकाळी त्याच्याशी बोला.

राम कृष्ण हरी.