किती अंतरावरून?

जॅकलीन केनेडी यांच्यापासून किती लांब उभं राहायचं, हे रॉन गॅलेला या छायाचित्रकाराला अमेरिकेतल्या न्यायालयानं फुटांत मोजून सांगितलं. १९७३ साली अपिलात ठरलेलं ते अंतर २५ फूट होतं. गॅलेला त्यांच्या रस्त्यात, बागेत, अगदी मुलांच्या शाळेपर्यंत कॅमेरा घेऊन पाठलाग करायचा. अशा पुरुषाला पापाराझो म्हणतात, बाई असेल तर पापाराझा.

याच जॅकलीनबाई १९६२ च्या मार्चमध्ये भारतात आल्या होत्या. तेव्हा त्यांचे फोटो काढणाऱ्यांत साडी नेसलेल्या एक पारशी बाई होत्या, होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३ चा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नामवंतांचे फोटो काढणं हेच त्यांचंही काम होतं आणि बेसावध क्षणांचं त्यांना वावडं नव्हतं. स्वतःच्या ओठांत सिगारेट असताना ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू त्यांनीच टिपले. पण तो फोटो पाहताना नेहरूंना कुणी चोरून पकडलं, असं वाटत नाही. खेळीमेळीत असलेला एक माणूस दिसतो.

साडीतली बाई कॅमेरा घेऊन हिंडते म्हटल्यावर अनेकांना ती हौस वाटायची. कुणी फारसं मनावर घेत नसे, म्हणून जिथं सहसा शिरकाव नाही तिथंही त्यांना जाता यायचं. मला त्यांच्या कामाइतकंच याचं मोल वाटतं, की मिळालेल्या या मोकळिकीचा त्यांनी गैरफायदा घेतला नाही.

त्यांना मोठ्या क्षणाची ओढ नव्हती, असं मात्र मुळीच नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या प्रार्थनासभेला जायला त्या निघाल्या होत्या; पतीनं मागे बोलावलं म्हणून परतल्या. आपण तिथं नव्हतो, ही हळहळ त्यांना जन्मभर राहिली. म्हणूनच १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, ही गोष्ट साधी नाही. पती आदल्या वर्षी गेले होते. त्याशिवाय नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, उर्मटपणा त्यांना सोसवेना. आपल्या वेळी कपड्यांचे, वागण्याचे काही नियम आम्ही स्वतःहून पाळत होतो, असं त्या सांगत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या वडोदऱ्यात वारल्या. कॅमेरा ठेवल्यानंतरच्या ४० हून अधिक वर्षांत त्या पुन्हा छायाचित्रणाकडे वळल्या नाहीत.

आमच्या जाफराबादला, केळना-पूर्णेच्या काठी, नट-नट्यांसाठी कॅमेऱ्यांची झुंबड उडत नाही. मराठवाड्यात ती उडते कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी. पुढारी सांत्वनाला येतात, ओसरीत मोबाइल उंचावतात. धनादेश हातात देताना त्या बाईला सांगितलं जातं, ‘ताई, जरा इकडं बघा.’ चार दिवसांपूर्वी गल्लीबाहेर जिला कुणी ओळखत नव्हतं, तिचा रडका चेहरा संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरतो. नामवंतांना निदान वकील परवडतो. हिच्यासाठी २५ फूट कोण मोजणार?

आता गावोगावच्या मुलींच्या हातात मोबाइल आहे आणि काही जणी बातम्याही करू लागल्या आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पुरुषांचा घोळका ओसरीत अडतो, ही मुलगी थेट चुलीपाशी जाऊन बसू शकते. होमाईबाईंसारखीच वाट तिला मोकळी आहे. तिनं तिथं जावं, मोबाइल खिशात ठेवून आधी त्या बाईचं ऐकावं. सावकाराचं किती, बँकेचं किती, कपाशीचं काय झालं, पोरांच्या शाळेचं कसं. मग विचारावं, ‘मावशी, फोटो काढू का?’ मावशीनं नको म्हणत पदर ओढला, तर तिचं म्हणणं तेवढं लिहून घ्यावं, आणि ती बातमी फोटोविनाच छापायची तयारी संपादकानंही ठेवावी.