उचल्या कोणाला म्हणायचे?

मार्च उजाडला की फोंडाघाटच्या आसपास काजूच्या बागांची राखण सुरू होते. बोंडू पिकून खाली पडतो आणि बी वाटेने जाणाऱ्याच्या हाती आयती लागते. गावची पोरे बोंडू पिरगाळून चार बिया खिशात टाकतात, दुकानात देतात आणि खाऊ घेतात. बी कुठल्या बागेतली, हे दुकानदार विचारत नाही. बागवाल्याने पाहिलेच तर तो दोन शिव्या हासडतो आणि विषय संपतो. ही झाली खोडी. तेवढ्याच बिया परगावाहून मजुरीला आलेल्या माणसाच्या पिशवीत सापडल्या, तर तो भुरटा चोर.

म्हणजे हे शब्द मालाचे वजन करत नाहीत, माणसाचे करतात. कचेरीतले कागदाचे रीम साहेबांच्या घरी गेले तर ते 'नेले', शिपायाने नेले तर 'लांबवले'. रक्कम लाखांत गेली की 'अपहार' असा भारदस्त शब्द मिळतो. 'उचलेगिरी' मात्र गरिबाच्याच वाट्याला येते.

त्यातला 'उचल्या' हा शब्द तर एका अख्ख्या जमातीला चिकटला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, तरी संशय उरला. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आत्मकथन लिहिले तेव्हा आपल्या जमातीला चिकटलेले हे नावच पुस्तकाला दिले. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कायद्याने आता किंमत मोजायला घेतली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार माल 5000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. काजू बी किलोला दीडशे रुपये धरली, तर ही सवलत तेहतीस किलोंपर्यंत पोचते. बागवाल्याला ते जड जाईल. वर्षभर राबून त्याच्या हाती येणारा पैसा या दोन-तीन महिन्यांचाच असतो. त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण भरपाई होऊन शिक्षा भोगून झाली, तर त्या माणसाला पुढच्या हंगामात बाजारात 'तोच तो' म्हणून बोट दाखवण्याचा हक्क कुणालाच उरत नाही. गावच्या पोराला आपण ही मुभा न मागता देतोच.