बोटीवरची चार नावे

सोलापूरच्या माणसाला पाण्याचे भारी अप्रूप. ज्या गावात वर्षानुवर्षे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी आले, त्या गावचा माणूस समुद्राचे नाव काढले की हरखून जातो. आमच्या घराच्या जलप्रवासाची मजल पंढरपूरच्या चंद्रभागेतल्या होडीपलीकडे कधी गेलीच नव्हती. म्हणून यंदा संक्रांतीच्या सुमारास आमच्या चिरंजिवांनी जेवताना जाहीर केले, "दहावी संपली की आपण क्रूझनं जायचं," तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला.

दहावीला घरात दोघे होते. आमचा मुलगा आणि माझी पुतणी. माझे दीर चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जाऊबाई आणि त्यांची मुलगी आमच्यातच आहेत. जाऊबाई गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करतात. मी एका बालवाडीत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. मी स्वतः दहावीपुढे शिकले नाही. आमच्या वडिलांच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'मॅट्रिक'च होती. मी पास झाले तेव्हा त्यांनी पाव किलो पेढे आणले आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरकामाला लागले. शाळा संपली हा काही सोहळा असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. कदाचित म्हणूनच मुलाची ती कल्पना माझ्या मनाने चटकन उचलली.

मग निवड सुरू झाली. निवड मुलांनीच करायची, असे ठरले. पण मुलांवर निवड सोपवणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात मुले आहेत त्याला सांगायला नको. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' नावाची बोट निघाली होती. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात प्रवाळांचा एक विस्तीर्ण उंचवटा आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून आंग्रिया बँक म्हणतात. बोटीचे नाव त्याच्यावरून. मुलाला ते नाव फार आवडले. परंतु ती बोट केव्हाच बंद पडली होती. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'एम्प्रेस' नावाची दुसरी, अकरा मजल्यांची बोट सुरू झाली. ती १९९० सालची. आधी परदेशी समुद्रांतून फिरलेली. गोव्याला जाणाऱ्या, लक्षद्वीपला जाणाऱ्या अशा फेऱ्यांची दोघांनी वहीत कोष्टके मांडली. खोलीला खिडकी हवी की बिनखिडकीची स्वस्त खोली चालेल? दोन रात्री की तीन? शाकाहारी जेवण वेगळे मिळते का? मोठ्यांसाठी जुगाराची दालने असतात, त्यांकडे मुलांना पाठ फिरवायला कसे सांगायचे? पुतणी हिशोबाची पक्की. ती म्हणाली, "बिनखिडकीची घेऊ, काकू. समुद्र बघायला वर गच्ची आहेच."

मला स्वतःला बोटीचे एक मोठे सोयीचे वाटले. सोळा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून दूर हिंडायचे असते आणि आईबापांना ती नजरेआड व्हायला नको असतात. बोटीवर दोघांचेही साधते. मुले सकाळपासून गायब झाली तरी जाऊन जाऊन जातील कुठे? सुटका आणि सोबत एकाच तिकिटात मिळते, असे दुसरे ठिकाण मला तरी ठाऊक नाही. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे निघाले, त्यात एका कादंबरीचे मानधन घातले आणि चार नावे ठरली. जाऊबाई येणार नव्हत्या. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा मे महिना म्हणजे त्यांच्या कारखान्याचा ऐन हंगाम. ज्या महिन्यात स्वतःच्या मुलीचा गणवेश सुटला, त्याच महिन्यात त्या दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवत होत्या.

मेच्या मध्यावर निकाल लागला. बोट मेच्या अखेरीस होती.

पुतणीला एक्याण्णव टक्के पडले. मुलगा गणितात आणि शास्त्रात नापास झाला.

त्या संध्याकाळी घरात पेढे आले, पण ते नुसतेच ताटात पडून राहिले. मुलगा माडीवर जाऊन बसला. ह्यांनी शांतपणे सांगितले, "तीन नावं राहू द्या. त्याचं काढा." ह्यांचे म्हणणे अन्यायाचे होते, असे मी म्हणणार नाही. अभ्यास करणारा आणि न करणारा, दोघांनाही सारखीच बोट मिळू लागली, तर घरात श्रमांना किंमत ती काय राहिली? आज नापास होऊन समुद्र पाहिला, तर उद्या त्याला काही झाले तरी चालते असे वाटेल. मी स्वतः शिक्षिका. चांगल्या अक्षराला तारा काढणारी आणि वाईट अक्षराला न काढणारी. ह्यांना उत्तर काय देणार?

सासूबाई कोपऱ्यात वाती वळीत होत्या. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. लहानपणी त्यांनी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने प्रवास केलेला. त्या बोटींना सगळीकडे धक्के नव्हते. भर समुद्रात पडाव बोटीला लागायचा आणि माणसे, ट्रंका, फणस असे सगळे खाली उतरायचे. त्या म्हणाल्या, "आमच्याकडची पोरं शाळा संपली की बोटीतच चढायची रे. पास झालेला कुठंतरी कारकून व्हायला, नापास झालेला गिरणीत चिकटायला. बोट एकच. बोटीनं कुणाचा निकाल विचारला नाही."

"ती पोटासाठी होती, आई," हे म्हणाले. "ही मौजेसाठी आहे. मौज कमवावी लागते."

मला वाटले, आता पुतणी काही बोलली तर ह्यांच्याच बाजूने बोलेल. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत, तो परत आल्यावर बाप मेजवानी घालतो. तेव्हा घरी राबलेला थोरला मुलगा दाराबाहेर रुसून उभा राहतो. त्या थोरल्याचे मला नेहमी खरे वाटत आले आहे. पुतणीने वर्षभर पहाटे पाचला उठून अभ्यास केला होता. तिने विचारायला हवे होते, "मग मी कष्ट केले ते कशासाठी?"

तिने विचारले ते निराळेच. "काका, नापास झाला म्हणून त्याचं नाव काढायचं, तर माझं नाव मी पास झाले म्हणूनच राहिलंय ना?" आणि थोडे थांबून, "मग पुढं मी कधी नापास झाले तर?"

जाऊबाई सुईत दोरा ओवीत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. ज्यांचे ह्या घरात कुणावाचून अडत नाही असे त्यांना वाटते, त्या कधीच काही बोलत नाहीत.

तेव्हा माझ्या लक्षात आले की, नापास मुलाचे नाव खोडताना आपण त्याच्यापेक्षाही पास झालेल्या मुलीला काहीतरी सांगत होतो. सांगत होतो की, ह्या घरातल्या जागेला भाव आहे आणि तो तू यंदा चुकता केलास. ज्या मुलीचा बाप गेला आहे, तिला हे ऐकायला कुणी मोठ्याने बोलावे लागत नाही. धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गाच्या रथात चढेना, ह्या कथेत आपण त्याची दया पाहतो. मला आता वाटते, त्यात त्याने स्वर्गाचीही परीक्षा केली असावी. जो स्वर्ग सोबत आलेल्याला दारात टाकून यायला सांगतो, तिथे उद्या आपलीही जागा किती पक्की?

गुणांना फळ नको, असे मी मुळीच म्हणत नाही. गुण आपले फळ स्वतःच घेऊन येतात. पुतणीला हव्या त्या महाविद्यालयाचे दार उघडले, शेजाऱ्यांनी हार घातले. मुलाला ह्यातले काही मिळाले नाही; जगाने त्याची शिक्षा त्याला त्याच दिवशी सुनावली होती. प्रश्न एवढाच होता की, घरानेही जगाचीच री ओढायची का? पेढे गुणांचे होते. बोट मात्र दहा वर्षांच्या शाळेची होती. एका डब्यातून दोघांनी खाल्लेल्या पोळीभाजीची होती. ती वर्षे दोघांचीही संपली होती, पास-नापास काही झाले तरी.

चारही नावे राहिली. मुलगा आधी "मला कुणाची दया नको" म्हणून अडून बसला. पुतणीने त्याच्या पिशवीत गणिताचे पुस्तक कोंबले आणि "दया नाही, बीजगणित आहे" म्हणून त्याला खाली आणले. मुंबईहून निघालो तेव्हा बिनखिडकीच्या खोलीत आम्ही चौघे दाटीवाटीने मावलो आणि वर गच्चीवर गेलो तो चहूकडे पाणीच पाणी. सोलापूरच्या माणसाने एवढ्या पाण्याचे करायचे काय, ते ह्यांना सुचेना.

जुलैच्या फेरपरीक्षेत मुलाचे काय झाले, ते मी मुद्दामच सांगत नाही. तो पास झाला असेल तर तुम्ही म्हणाल, बरे केले नेले ते. आणि झाला नसेल तर म्हणाल, हे म्हणत होते तेच खरे. पण बोट पास करण्याचे औषध म्हणून घेतलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या रात्री पुतणी कठड्याशी एकटी उभी होती. मी जवळ गेले. तिने मला काही विचारले नाही आणि मीही बोलले नाही. पण तो प्रश्न आम्हा दोघींच्या मध्ये उभा होता. निकाल उलटा लागला असता तर? मुलगा पास आणि ती नापास, असे झाले असते तर, तिचे नाव राखण्यासाठी घरात एवढा वाद तरी झाला असता का?

झाला असता, असे मी आज तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगू शकेन. पण सांगण्यापूर्वी मला क्षणभर थांबावे लागते. आणि तो क्षणच मला अजून छळतो.