माशाचा डोळा



माझगावच्या सर एली कदुरी शाळेतील माझा एक वर्गमित्र सध्या सौदी अरेबियात, जेद्दा शहरी आपल्या मुलाकडे राहतो. तो मूळचा रायगडचा कोकणी मुसलमान. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. आज तो तिकडे, मी इकडे इस्राएलात, आणि मध्ये फोन. उतारवयात त्याला चित्रकलेचा छंद लागला आहे. मागच्या महिन्यात त्याने अॅक्रिलिक रंगांत काढलेल्या एका चित्राचा फोटो पाठवला. हिरवट पाणी आणि त्यात दोन कोई मासे, एक केशरी, दुसरा पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला. चित्र सुरेख होते, पण दोन्ही माशांना डोळे नव्हते.

मी कारण विचारले. तो म्हणाला, "शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ सांगत होते की, जो जिवंत प्राण्याचे चित्र काढतो त्याला कयामतच्या दिवशी त्यात प्राण घालायला सांगतील. तेव्हापासून हात धजत नाही. तू मास्तर आहेस. तुमच्यात काय सांगतात?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. दहा आज्ञांतील दुसरी आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आकाशातील, पृथ्वीवरील व पाण्यातील कशाचीही प्रतिमा करू नये, असे ती सांगते. म्हणजे मासाही त्यातून सुटला नाही! परंतु आज्ञा तेथेच थांबत नाही. त्या प्रतिमांपुढे वाकू नये, त्यांची सेवा करू नये, असे लगेच पुढे येते. रंबाम यांनी माणूस सोडून इतर प्राण्यांच्या व झाडांच्या आकृती करण्यास मोकळीक दिली आहे. १९२८ साली बेथ अल्फा येथे पाण्याचा चर खणताना सहाव्या शतकातील सिनेगॉगची फरशी सापडली. तिच्यावरील राशिचक्रात मीन राशीचे मासे आहेत. आणि आपल्या घरांतील भिंतीवरची एलियाहू हन्नाबींची अग्निरथातील तसबीर कोण विसरेल?

मित्र राहतो त्या देशातही हा प्रश्न एकाच वाटेने सुटलेला नाही. हाइल प्रांतात जुब्बा येथे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी खडकांवर माणसे व जनावरे कोरून ठेवली आहेत. त्या डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा सरोवर होते. आज ते नाही, चित्रे आहेत. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. जेद्दा शहरात १९७० च्या दशकापासून हेन्री मूर, मिरो अशा मोठ्या कलावंतांची शिल्पे उभी राहिली, पण मनुष्याकृती टाळून. त्याच शहरात १९६८ साली साफिया बिनझगर या चित्रकर्तीने एका मुलींच्या शाळेत आपली चित्रे मांडली होती. हिजाझच्या जुन्या चालीरीती आणि माणसे यांची चित्रे त्या २०२४ मध्ये वारल्या तोवर नावाजली गेली होती.

मित्राने मला पाणी कसे रंगवतात तेही सांगितले. आधी गडद तळ, त्यावर माशाची सावली, मग मासा. तो वाळला की निळसर-हिरव्या रंगाचा अगदी पातळ हात वरून द्यायचा. अॅक्रिलिक रंग लवकर वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणून खालचा मासा पुसला जात नाही. शेवटी पांढऱ्या रंगाच्या दोन-चार वळणदार रेघा, तो उजेड. "पाणी म्हणून वेगळे काही मी काढतच नाही," तो म्हणाला, "बघणाऱ्यालाच ते दिसते."

हे ऐकून मला वाटले, ज्याला इतके कळले त्याला गर्व होण्याचे भय कमी. कोई हे मुळात साधे कार्प मासे. जपानच्या निईगाता भागातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यात हे रंग आणले. त्यांनी रंग निवडले. प्राण त्यांनीही घातला नाही. माझ्या मते चित्र काढण्यात दोष नाही. आपण जीव निर्माण केला असे मानून त्यापुढे वाकण्यात दोष आहे.

मग "डोळे काढ" असे मी त्याला सांगावे का? येथे मी थबकलो. आमच्या शास्त्राने दिलेली मोकळीक मी त्याच्या मनावर कशी लादू? तो माझ्याकडे मुभा मागत होता की आधार, हेही मला कळेना. शेवटी मी एवढेच लिहिले : "हात कोणाच्या भीतीने थांबतो ते आधी पाहा. शेजाऱ्याच्या भीतीने थांबत असेल, तर डोळा खुशाल काढ. देवाच्या भयाने थांबत असेल, तर तसाच राहू दे. मला तो मासा आंधळा वाटणार नाही."

चार दिवसांनी उत्तर आले : "अजून ठरत नाही. ब्रश धुऊन ठेवला आहे."

मी त्याला योग्य सांगितले की उत्तर टाळले, याचा मी अजून विचार करतो आहे. वाचकांनी आपले मत जरूर कळवावे.