गुणी ससा

चेंबूरच्या दोन खोल्यांत कुत्रा पाळायचा तर आमच्यापैकी एकाला बाहेर झोपावं लागलं असतं. देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याला मंजूर नाही. मग मुलीच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटातून ससा आणला आणि वर्षभरानं गिनीपिग.

हा गिनीपिग ना गिनीचा, ना डुक्कर. मूळचा अँडीज पर्वतातला. तिकडे त्याला पाळतात ते खायला! आमच्याकडे उलट तोच आम्हांला खातो. फ्रीजचं दार वाजलं की शिट्ट्या सुरू. आपल्यासारखंच त्याच्याही अंगात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून भोपळी मिरचीचा पहिला मान त्याचा. ससा मात्र गप्प. "किती गुणी!" असं आम्ही येईल-जाईल त्याला सांगायचो.

एके दिवशी गुणी ससा खाईना. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला गवत लागतं. आम्ही लाडानं ब्रेड देत होतो. दाढ वाढून जिभेत रुतली होती.

"पण ओरडला नाही तो कधी!"

"दुखतंय हे दाखवणारा ससा रानात जगत नाही. म्हणून लपवतो."

टोपली मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. ज्याचा आपल्याला त्रास नाही तो गुणी, हे आपण कधी ठरवलं? "आमच्या आईचा काही म्हणता काही त्रास नाही हो," हेही मीच सांगत असतो.

घरात शिरताच शिट्ट्या. मिरची टाकली आणि आत गेलो. आई भाकरी दुधात कुस्करत होती.

"कवळी टोचते का गं?"

"छे रे! मला काय होतंय?"