आधी गोष्ट, मग लेन्स

कोल्हापूर

चि. अन्वी,


तुझं पत्र काल मिळालं. लघुपटासाठी ड्रोन आणि भाड्याच्या लेन्स हव्यात, त्यासाठी मामानं चाळीस हजार द्यावेत, असं लिहिलंयस. पैशांचं शेवटी सांगतो. आधी व्ही. शांताराम यांच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. तू ज्या नव्या आणि गर्दी खेचणाऱ्या सिनेमाचं स्वप्न बघतेस, तो याच गावच्या माणसानं करून दाखवलाय.

शांतारामबापू 1901 साली इथे जन्मले. हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात राबले, तिथल्या पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम केलं. मग बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि तिथेही सेट उभारण्यापासून अभिनयापर्यंत सगळं केलं. स्वतंत्रपणे दिग्दर्शनाकडे वळण्याआधी सिनेमातलं जवळजवळ प्रत्येक काम त्यांच्या हातून गेलं होतं. 1929 मध्ये चार भागीदारांबरोबर त्यांनी ‘प्रभात’ ही फिल्म कंपनी काढली. त्या चौघांत दामले-फत्तेलाल होते, हे विसरू नकोस. एकट्यानं काही झालेलं नाही.

आता माझ्या मुद्द्याचं. 1933 साली ‘सैरंध्री’ रंगीत करायची म्हणून ते थेट जर्मनीला गेले. देशात रंगीत चित्रपट कुणी आणला नव्हता. आपण आणायचा, ही जिद्द. खर्च झाला, कष्ट झाले आणि पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ आला. त्यात राजगुरूचा एक डोळा अख्ख्या पडद्यावर पसरतो. हिंदीत तो डोळा चंद्रमोहनचा. टेलिफोटो लेन्सनं टिपलेला तो एक शॉट लोकांच्या डोक्यात कायमचा राहिला. बळी देण्याचा हट्ट धरणाऱ्या धर्मगुरूची सगळी दहशत त्या बुबुळात होती, म्हणूनच कॅमेरा इतका जवळ जायला हवा होता. रंगांच्या वेळी साधन पुढे होतं आणि गोष्ट मागे. डोळ्याच्या वेळी गोष्टीनं साधन मागून घेतलं. मला तरी हा फरक असाच दिसतो.

पण माझा खरा जीव ‘कुंकू’वर आहे. साल 1937. बोलपट येऊन सहा वर्षं झालेली, प्रेक्षक गाण्यांसाठी रांगा लावायचे, आणि या माणसानं पार्श्वसंगीतच काढून टाकलं. नीराचं म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलंय आणि ती त्या नवऱ्याला नवरा मानायला तयार नाही. अशा घरात कोण वाजवणार सारंगी? तिथे भिंतीवरचं जुनं घड्याळ ऐकू येतं, पावलं ऐकू येतात, दार ऐकू येतं. गाणी आहेत, पण तीही माणसं घरात, रस्त्यावर म्हणतात तशी. मी तीस वर्षं एडिटिंगच्या टेबलावर काढली. दृश्य लंगडं पडलं की त्याखाली व्हायोलिन सरकवायचं, हे मी कितीतरी वेळा केलंय आणि त्याची मला आजही रुखरुख आहे. बापूंनी ती पळवाटच बंद केली. नीरा झालेल्या शांता आपटेंचा चेहरा आणि त्या घरातली शांतता, एवढ्यावर चित्रपट उभा केला. तो चाललाही तुफान! नवेपणाला ड्रोन लागत नाही, बाळा.

बापूंच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातलं मात्र सगळंच मला पटत नाही. 1942 मध्ये ‘प्रभात’ सोडून परळला ‘राजकमल’ स्टुडिओ उभारल्यानंतर ‘शकुंतला’ मुंबईत 104 आठवडे चालला, ‘झनक झनक पायल बाजे’च्या टेक्निकलर रंगांनी देश भारावला. पुढेपुढे तो झगमगाट गोष्टीवर स्वार झाला, असं मी स्पष्ट म्हणतो. अपवाद ‘दो आँखें बारह हाथ’चा. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली कथा, आपल्या गदिमांनी लिहिलेली. सहा खुनी कैदी, एक जेलर, उघडं माळरान. बैलाशी झुंजीच्या दृश्यात बापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं. त्या अंधारातून ‘नवरंग’ सुचला. पन्नाशी उलटलेला माणूस होता तो!

म्हणून सांगतो, तुझी संहिता मला पाठव. प्रत्येक प्रसंगापुढे समासात लिही की इथे कॅमेरा आकाशात का जायचा. ज्या प्रसंगाचं उत्तर तुझ्याकडे असेल, त्याच्या लेन्सचे पैसे मी त्याच दिवशी पाठवतो. ज्याचं नसेल, तो आधी आवाज न लावता आणि मग डोळे मिटून नुसता ऐकून तपासून बघ.

आणि येत्या रविवारी घरी ये. मामी पुरणपोळ्या करणार आहे. दुपारी आपण दोघं ‘कुंकू’ बघू, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून.

तुझा,
मामा