साखळी कोणी काढायची?

घरातील कोणाचे मन आजारी पडले की आपण आधी त्याच्या ईमानाची झडती घेतो. नमाज सुटली का? अल्लाहच्या स्मरणात कसूर झाली का? मधुमेह झालेल्याला असे कोणी विचारत नाही. त्याची साखर तपासतात, औषध सुरू करतात आणि शिफा मिळावी म्हणून दुआही करतात. तेथे दवा आणि दुआ यांचे भांडण नसते. उपचार करून घेण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची आज्ञा आणि आधी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. मनाचे आजार तिच्यातून वगळलेले नाहीत. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले बल्खचे विद्वान अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. काही गमावल्यामुळे होणारे दुःख वेगळे आणि कारण दिसत नसताना ग्रासणारी उदासी वेगळी, हा भेद त्यांनी तेव्हाच केला होता.

तेव्हा दवेचा प्रश्न मला अवघड वाटत नाही. अवघड आहे तो पुढचा.

आफ्रिकेतील घाना देशात एका ख्रिस्ती प्रार्थना-शिबिरात गंभीर मनोरुग्णांना आणून ठेवतात आणि अनेकांना साखळीने बांधतात. तेथील एक संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी १३९ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. प्रार्थना दोन्ही गटांत चालू राहिली. एका गटाला जोडीने औषधेही दिली. सहा आठवड्यांत औषधे घेणाऱ्यांचा आजार दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. साखळीत काढलेल्या दिवसांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

येथे क्षणभर थांबावे. माणूस बरा होऊ लागला, तरी साखळी होती तशीच. केवळ आजार हेच तिचे कारण असते, तर आजाराबरोबर तीही सैल झाली असती. ती बांधणाऱ्यांच्या भीतीत आणि सवयीत अडकलेली होती, आणि त्यावर कोणत्याही औषधालयात गोळी मिळत नाही.

हे दूर देशातले म्हणून सोडून देता येणार नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी मनोरुग्ण-निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले. शिफा मिळेल या आशेने आप्तांनीच रुग्णांना एरवाडीला आणून ठेवण्याची तेथे रीत होती.

झोपलेला, अजाण मूल आणि भान हरपलेला माणूस, या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे हदीसमध्ये येते. म्हणजे त्या अवस्थेतील कृत्यांचा हिशेब अल्लाहही मागत नाही. मग आपण कोणत्या अधिकाराने त्याचा जाब मागतो? आणि लेखणी उचलली गेली ती रुग्णावरून. त्याच्या पालकावरून नव्हे. सूरह निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांना मालमत्ता सांभाळण्याची समज नाही त्यांच्या हाती ती न सोपविण्याची आज्ञा आहे. पण तेवढ्यावर ती आयत थांबत नाही. त्यांना अन्न द्या, वस्त्र द्या आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला, असेही ती सांगते. अन्न-वस्त्र बहुतेक घरे देतात. बोलणे मात्र बंद होते.

“पण तो अंगावर धावून येतो, घरातून निघून जातो, आम्ही काय करावे?” हा आक्षेप खोटा नाही. थकलेल्या आईला नुसता उपदेश करणे हाही अन्यायच. अशा वेळी नातेवाईक नव्या आमिलचा पत्ता देऊन जातात; एक रात्र रुग्णाजवळ बसायला मात्र फारसे कोणी येत नाही. रुकया करणाऱ्यांना शत्रू मानण्याचेही कारण नाही. नायजेरिया आणि घानामध्ये पारंपरिक व धार्मिक उपचारक आणि आरोग्य कर्मचारी यांनी मिळून रुग्ण सांभाळले, तेव्हा गंभीर रुग्णांची प्रकृती अधिक सुधारल्याचे २०२० च्या एका संशोधनात दिसले. तेव्हा आमिलला एवढे तरी जरूर विचारावे : डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगता का? होय म्हणाला, तर तेथून उठावे.

आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, रात्री-अपरात्रीही बोलता येते. हा फोन रुग्णानेच करावा असे नाही. त्याला सांभाळणाऱ्या आईने, बहिणीने केला तरी चालतो.